गोसावी, आणि बहात्तरच्या आधीचं वर्ष

मागच्या शनिवारी लेख टाकला नाही, त्याबद्दल सॉरी. पोळ्याला गावी गेलो होतो. आमचं गाव पारोळा तालुक्यात, धुळे-जळगाव रस्त्यापासून थोडं आत. बैलांची मिरवणूक, पुरणपोळी वगैरे यथासांग आटोपल्यावर आप्पांबरोबर (म्हणजे माझे थोरले काका) शेतात चक्कर मारली. सगळीकडे कापूस, आणि बांधाला लागून घरच्या खाण्यापुरती अर्धा एकर बाजरी. कणसं नुकतीच बाहेर पडलेली. त्यात एक ताट विचित्र दिसलं. कणसाच्या जागी दाणे नाहीतच, नुसता बारीक हिरव्या पानांचा झुबका. एखाद्या बैराग्याच्या जटा असतात ना, तसा.

मी लगेच मोबाइल काढून फोटो घेतला (शहरी माणसाची खोड!) आणि विचारलं, "आप्पा, हे काय?"

"गोसावी शे हाऊ," म्हणाले, आणि ताट मुळासकट उपटून हातातल्या पिशवीत कोंबलं. जाळायचं म्हणे. मग चालता चालता सहज बोलून गेले की त्यांच्या लहानपणी एका साली या गोसाव्यानं आख्खं शिवार खाल्लं होतं. कधी? तर "बहात्तरच्या आधी. हायब्रीड नवं नवं आलं होतं तेव्हा."

बहात्तरचा दुष्काळ आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. खडी फोडायची कामं, सुकडी, अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी, तिच्या भाकरीला नाकं मुरडणं... लहानपणापासून ऐकतोय. पण त्याच्या आधीचा हा गोसावी मी पहिल्यांदाच ऐकला. पुण्याला परत आल्यावर दोन वीकेंड त्याच्याच मागे लागलो, आणि जे हाती लागलं ते इथे मांडतोय. शेतीतलं मला फार कळत नाही हे आधीच कबूल. पण गोष्ट निघाली ती थेट आपल्या धंद्यातली. एकाच बिल्डवर सगळं जग चालवलं तर काय होतं, ही.

आधी बाजरीबद्दल थोडं. बाजरी मूळची आफ्रिकेतली, सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातली. भारतात येऊन तिला साधारण चार हजार वर्षं झाली. हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि कडक ऊन असेल तिथे ज्वारी-गहू रडतात आणि बाजरी उभी राहते. खानदेशात तापीकाठची काळी जमीन सोडली तर अशा जमिनीला तोटा नाही. साक्री, शिंदखेडा, इकडे पारोळा, अमळनेर, चाळीसगाव. इंग्रजांनी १८८० साली खानदेशचं गॅझेटिअर काढलं (तेव्हा जळगाव-धुळे वेगळे नव्हते, पूर्व आणि पश्चिम खानदेश ही वाटणी १९०६ ची), त्यातही इथल्या सामान्य माणसाच्या पोटात जाणारं धान्य म्हणून बाजरीच आहे.

आता यातली एक गंमत नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. बाजरीच्या कणसावर आधी स्त्रीकेसर बाहेर येतात आणि परागकण काही दिवसांनी. त्यामुळे ती स्वतःच्या परागानं फळण्याआधीच शेजारच्या ताटाचा पराग वाऱ्यावर येऊन पोचलेला असतो. म्हणजे जुन्या गावठी बाजरीच्या शेतात प्रत्येक ताट आनुवंशिकदृष्ट्या वेगळं. भाऊबंद सगळे, पण जुळे कोणी नाहीत. कोणी उंच, कोणी बुटकं, कोणी आठवडाभर आधी निसवतं, कोणी मागे राहतं. शेत दिसायला ओबडधोबड आणि उत्पन्न बेताचं.

आणि गोसावी? तो तेव्हाही होताच! ब्रिटिश सरकारचे कवकशास्त्रज्ञ ई. जे. बटलर यांनी १९०७ साली बिहारमधल्या पुसा इथून या रोगावर सविस्तर लिहिलंय. स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनिकोला हे त्याचं कागदोपत्री नाव. इंग्रजीत त्याला डाउनी मिल्ड्यू म्हणतात, मराठीत केवडा किंवा गोसावी. पण तेव्हा तो किरकोळ रोग होता. शेतात दहा-वीस ताटं गोसावी व्हायची, बाकीची आपली पिकायची. कोणत्या ताटाला होईल आणि कोणत्या नाही, हे त्या त्या ताटाच्या नशिबावर. नशीब म्हणजे जनुकं.

(शुद्धतावादी मंडळींसाठी एक खुलासा: हा जीव खरं तर बुरशी नव्हेच. दिसतो बुरशीसारखा, वागतो बुरशीसारखा, शंभर वर्षं पुस्तकांत बुरशी म्हणूनच होता, पण नात्यानं तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळचा आहे. बटाट्यावर येऊन आयर्लंडमध्ये १८४५ नंतर हाहाकार उडवणारा जीव याच कुळातला. शेतकऱ्याला या फरकानं काही पडत नाही, आणि मीही पुढे सोयीसाठी बुरशीच म्हणणार आहे.)

हा गोसावी काम कसं करतो ते बघण्यासारखं आहे. त्याची जाड कवचाची बीजं, म्हणजे ऊस्पोअर्स, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. बाजरी उगवली की कोवळ्या रोपात मुळाकडून शिरतात. पान पिवळं पडतं. मग रात्रीची हवा दमट आणि थंडसर असली की पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव उगवते. त्या लवेतून लाखो बीजाणू पहाटेच्या आत वाऱ्यावर निघतात, दुसऱ्या रोपावरच्या दवाच्या थेंबात उतरतात, तिथे फुटून त्यांच्यातून शेपटीवाले पोहणारे कण निघतात (हो, पोहणारे!) आणि आत शिरतात. ऊन चढलं की उरलेले बीजाणू मरतात. हा झाला झटपट मार्ग: कॉपी-पेस्ट. एकाचीच हुबेहूब नक्कल, हंगामात अनेक वेळा.

दुसरा मार्ग सावकाशीचा. या बुरशीत दोन 'लिंगं' आहेत, म्हणजे दोन वेगळे जोडीदार प्रकार, आणि ऊस्पोअर तयार व्हायला दोन्ही एकाच ताटात भेटावे लागतात. हे १९८२ मध्ये सिद्ध झालं. दोन वेगळ्या वंशांची जनुकं तिथे पिसली जातात, पत्त्यांसारखी. हंगामाअखेर जमिनीत जे पडतं ते सगळं नवं कॉम्बिनेशन असतं. म्हणजे पावसाळाभर भराभर नकला आणि शेवटी एकदा जोरदार मर्ज. शत्रूची ही डेव्हलपमेंट सायकल बघून मला तर आमच्या टीमची लाज वाटली!

याच्याशी तुलना करायची तर गव्हाचा तांबेरा बघा. तो शंभर टक्के खरी बुरशी. आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत अक्षरशः डोंगर पालथे घालून दाखवून दिलं की आपल्याकडच्या सपाट प्रदेशात उन्हाळ्यात तांबेरा जळून मरतो. दर हिवाळ्यात तो पुन्हा येतो तो डोंगरांतून, हिमालयातून आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीकडून, वाऱ्यावर बसून. युरोप-अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याचं लग्न दारुहळदीच्या जातीच्या एका झुडपावर लागतं, आपल्याकडे ती भानगड नाही. त्यामुळे इथे तो नुसत्या नकला करतो आणि अधूनमधून एखादी चूक, म्हणजे म्युटेशन, त्याच्या पथ्यावर पडते. महाबळेश्वरला यासाठीच गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. आपण स्ट्रॉबेरी खायला जातो, तिथे काही माणसं तांबेऱ्यासाठी जातात. थोडक्यात, तांबेरा परगावाहून येणारा आणि हळू बदलणारा. गोसावी घरच्याच मातीत मुक्काम ठोकणारा आणि दरसाल पत्ते पिसणारा.

तर मुद्द्यावर येऊ. १९६५.

संकरित बियाणं करायचं तर दोन वेगळे वाण ठरवून एकमेकांशी फळवावे लागतात. बाजरीची फुलं इतकी बारीक की हातानं परागकोष काढत बसणं अशक्य. त्यासाठी पराग तयारच न करणारी मादी हवी, जिला शेतीखात्याच्या भाषेत नरवंध्य वाण म्हणतात. अशी मादी मिळाली अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी. ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञानं ती घडवली होती. तिचं नाव टिफ्ट २३ ए. अमेरिकेत बाजरी माणसं खात नाहीत, गुरांच्या चाऱ्यासाठी पेरतात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ही मादी भारतात आली, लुधियानाला दिलबागसिंग अठवाल यांनी तिच्यावर देशी नर वापरला, आणि १९६५ मध्ये एचबी-१ हा जगातला पहिला दाण्यासाठीचा संकरित बाजरीचा वाण बाहेर पडला. उत्पन्न देशी बाजरीच्या जवळपास दुप्पट! पाठोपाठ एचबी-२, ३, ४, ५. नर बदलत गेले. आई मात्र सगळ्यांची एकच, टिफ्ट २३ ए.

हरितक्रांती म्हटलं की आपल्याला पंजाबचा गहू आठवतो. पण त्याच काळात कोरडवाहू मुलखात ही दुसरी क्रांती चालली होती, आणि तिचा आकडाही लहान नव्हता. १९६५ च्या सुमारास देशात बाजरी साधारण ३५-४० लाख टन व्हायची, ती १९७०-७१ मध्ये ८० लाख टनांवर गेली. पाचेक वर्षांत दुप्पट. कोणाच्याही अप्रेझलमध्ये हे चाललं असतं.

आणि १९७१ मध्ये गोसावी आला. राजस्थान, गुजरात, हरियाणा, महाराष्ट्र, जिथे जिथे संकरित बाजरी होती तिथे तिथे. शेतंच्या शेतं जटाधारी. देशाचं बाजरीचं उत्पादन एका झटक्यात खाली आलं.

कारण काय? रोग नवा नव्हता, बटलरच्या काळापासून माहीत होता. हवामानही काही जगावेगळं नव्हतं. बदललं होतं ते शेत. पूर्वी शेतात लाख ताटं म्हणजे लाख वेगवेगळी कुलपं होती. एखादी किल्ली काही कुलपांना लागायची, बाकीच्यांना नाही. आता लाख ताटं म्हणजे एकच कुलूप लाख वेळा. आणि ते सुद्धा एका गावात नाही, कच्छपासून खानदेशापर्यंत. ज्या बुरशीकडे ती किल्ली होती तिला सगळं रान मोकळं. १९८८ चा तो मॉरिस वर्म आठवतो? तो व्हॅक्स आणि सन-३ या मशिनांवरच चालत होता. इतर मशिनं त्या रात्री सुखानं झोपली.

पण याहून मला जास्त चटका लावून गेलेली गोष्ट वेगळी आहे. बाजरीवरचा हा गोसावी अमेरिकेत नाहीच! टिफ्टनच्या शेतात बर्टननी ज्या पिढ्यांमागून पिढ्या निवडल्या, त्यांनी हा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. जो रोग नाही त्याच्याविरुद्ध निवड होणार कशी? त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना गुरांसाठी चारा हवा होता आणि तो त्यांनी उत्तम दिला. आपण ती मादी उचलली, तिच्या पोटी देशातली लाखो हेक्टर बाजरी जन्माला घातली, आणि गोसाव्याच्या माहेरघरात नेऊन उभी केली. ज्या मॉड्यूलची टेस्टिंग कधी आपल्या डेटावर झालीच नाही ते थेट प्रॉडक्शनला. कोणाकोणाला घाम फुटला, हात वर करा.

त्याच सुमारास अमेरिकेतही अशीच एक घटना घडली. १९७० मध्ये तिथल्या मक्यावर पानांचा करपा आला आणि सुमारे १५ टक्के पीक गेलं. तिथेही नरवंध्य माद्या वापरात होत्या, आणि दोष निघाला तो नेमका त्यांच्या पेशीद्रव्यात. साहजिकच इकडे सगळ्यांना वाटलं की टिफ्ट २३ ए च्या पेशीद्रव्यातच खोट आहे. पुढे प्रयोगांतून दिसलं की नाही, बाजरीत पेशीद्रव्य निर्दोष आहे, कमकुवतपणा केंद्रकातल्या जनुकांत आहे. हा फरक किरकोळ वाटेल, पण महत्त्वाचा. म्हणजे नरवंध्य माद्या वापरणं सोडायची गरज नव्हती. त्यांच्यात प्रतिकारशक्तीची जनुकं भरली की झालं.

खानदेशातली आठवण मात्र या सगळ्यावर पाणी फिरवते, शब्दशः. महाराष्ट्रात पावसानं १९७० पासूनच ओढ द्यायला सुरुवात केली होती आणि १९७२ ला सगळंच संपलं. गोसाव्याला ओल लागते, दुष्काळ म्हणजे ओलीचा अभाव. त्यामुळे ज्या शिवारात थोडाफार पाऊस झाला तिथे गोसावी, जिथे झाला नाही तिथे करपलेलं रान, आणि पुढच्या साली दोन्हीकडे खडी फोडायची कामं. लोकांच्या आठवणीत मोठ्या संकटानं लहान गिळलं. बहात्तरवर कादंबऱ्या आहेत, अहवाल आहेत, रोजगार हमी योजना तिच्यातून निघाली. एकाहत्तरचा गोसावी आप्पांसारख्या चार म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरला. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाची कागदपत्रं जपणाऱ्या जुन्या संस्थांपैकी एक. तिथे जुन्या दफ्तरांचे ढीग आहेत. पण बाजरीची सनद कोण ठेवणार? कोणत्या गावी कोणती गावठी बाजरी होती आणि ती कधी बंद झाली, याची नोंद व्हायला हवी असं तेव्हा कोणालाही वाटलं नाही. मला ही सगळ्यात मोठी हानी वाटते. पीक पुढच्या साली पुन्हा येतं.

बाय द वे, बाजरीचा असाच एक विसरलेला रोग म्हणजे अरगट. १९५६-५७ च्या सुमारास साताऱ्याच्या दक्षिण भागात त्याची मोठी साथ आली. कणसातून आधी मधासारखा चिकट पाक गळतो, मग दाण्याच्या जागी काळे कठीण तुकडे तयार होतात. ते बाजरीबरोबर दळले गेले आणि माणसांना उलट्या, चक्कर, गुंगी असा त्रास झाला. ही बुरशी स्त्रीकेसरातून शिरते आणि पराग आधी पोचला तर तिला दार बंद होतं. त्यामुळे जिथे परागाची वानवा तिथे हिचं फावतं. उपाय आजही तोच सांगतात: वीस टक्के मिठाच्या पाण्यात बी बुडवा, वर तरंगेल ते काढून जाळा, खालचं स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. मला हा उपाय भारी आवडतो. दहा लिटर पाणी, दोन किलो मीठ, शून्य लायसन्स फी.

गोसाव्यावर असं सोपं काही नव्हतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत टिफ्ट २३ वरच गॅमा किरणांचा मारा करून थोडी तगडी मादी काढली. तिचे संकर आले, चालले, पडले. मग दुसरी मादी, ५१४१ ए. तिच्यापासून झालेला बीजे-१०४ सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आला आणि चांगलाच गाजला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तोही गेला. दर वेळी तीच पटकथा. नवा वाण निरोगी म्हणून येतो, चांगला म्हणून सगळीकडे पसरतो, आणि सगळीकडे पसरला म्हणूनच मरतो. बुरशीच्या कोट्यवधी पिसलेल्या पत्त्यांत कुठेतरी त्याची किल्ली असतेच. वाण दुर्मिळ असेपर्यंत त्या किल्लीची किंमत शून्य. वाण लोकप्रिय झाला की तीच किल्ली असलेली बुरशी सगळ्यांत जास्त पोरं घालते. डार्विन, पण दर पाच-सात वर्षांनी, आपल्या शेतात.

ही शेरास सव्वाशेरची जनुकीय बाजू अमेरिकेत हॅरल्ड फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर १९४० च्या दशकात उलगडली होती: पिकातल्या प्रतिकाराच्या एका जनुकाला रोगजंतूत एक जोड जनुक असतं. रोगजंतूचं ते जनुक बदललं की पिकाचं जनुक आंधळं. आणि बुरशी खरंच ठिकाणानुसार वेगळी आहे का, हे डीएनएवर बघितलं गेलं ते आपल्या पुण्यात! पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅटमधल्या संशोधकांनी १९९५ मध्ये गोसाव्याच्या नमुन्यांचे डीएनए फिंगरप्रिंट काढले. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखे दिसणारे नमुने डीएनएवर वेगवेगळे निघाले. त्यानंतरच्या कामात जोधपूरचा, जयपूरजवळच्या दुर्गापुऱ्याचा, आपल्या जालन्याचा असे स्थानिक प्रकार वेगळे धरले जाऊ लागले. म्हणजे जोधपूरला टिकलेला वाण जालन्यात टिकेलच असं नाही. पास्ट परफॉर्मन्स इज नो गॅरंटी, हे म्युच्युअल फंडवाल्यांच्या आधी गोसाव्याला कळलं होतं.

या इक्रिसॅटची स्थापना १९७२ ची. तोच बहात्तर! पुढे महाराष्ट्राला जो हात मिळाला तो तिथूनच, आणि तो संकरित वाणाचा नव्हता.

१९८८ मध्ये आयसीटीपी-८२०३ नावाचा वाण महाराष्ट्र आणि आंध्रसाठी प्रसारित झाला. नावातला टीपी वगैरे सोडा, त्याचं मूळ बघा: पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशातली गावठी बाजरी. टपोऱ्या दाण्याची, लवकर येणारी. हा सरळ वाण, म्हणजे नर-मादीची भानगड नाही, शेत आपलं आपण वाऱ्यावर फळतं, शेतकरी घरचं बी ठेवू शकतो. आणि मुख्य म्हणजे ताटं पुन्हा एकमेकांपासून थोडी थोडी वेगळी. गोसावी आला तरी काही ताटं जातात, सगळी जात नाहीत. संकरित वाण ओळीनं पडत असताना महाराष्ट्रात हा भराभर पसरला, त्यामागे हे मोठं कारण होतं. टिफ्टनच्या मादीनं जो शत्रू पाहिला नव्हता, त्याच्याशी टोगोच्या बाजरीचा हजारो वर्षांचा संसार झालेला होता. बाजरी आफ्रिकेची, गोसावीही तिथलाच. एकमेकांना ओळखून होते.

आयसीटीपी-८२०३ मधूनच पुढे जास्त लोह असलेली ताटं निवडून 'धनशक्ती' निघाली, २०१२ मध्ये महाराष्ट्रात आणि २०१४ मध्ये देशभरासाठी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा त्यात वाटा आहे. त्याच विद्यापीठाची बाजरी संशोधन योजना धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात चालते. 'फुले आदिशक्ती', 'फुले महाशक्ती' हे संकरित वाण तिथले. त्यांच्या सांकेतिक नावात सुरुवातीला डीएच येतं, ते धुळ्याचं. मला हे वाचून उगाचच कॉलर ताठ झाल्यासारखं वाटलं.

सरळ वाण म्हणजे देवच, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या डोक्यात दोन आठवडे तेच रोमँटिक खूळ होतं, पण आकडे बघितले की उतरतं. चांगला संकरित वाण चांगल्या पावसात सरळ वाणाला मागे टाकतो, आणि शेतकऱ्याला पोरांची फी भरायची असते. म्हणून आज पुन्हा बाजारात संकरित वाणच जास्त. फरक एवढाच की एकाऐवजी आता पुष्कळ आहेत, आणि वेगवेगळ्या माद्यांचे. बियाण्याला मेटलॅक्झिल हे औषध चोळतात, किलोला सहा ग्रॅम, त्यानं रोपाचे पहिले काही आठवडे निभावतात. आणि नवा वाण सोडण्याआधी त्याला मुद्दाम गोसावीग्रस्त शेतात उभा करून बघतात. टेस्ट एन्व्हायर्नमेंट, शेवटी एकदाचं.

शिवाय आता आख्खा वाण फेकून द्यावा लागत नाही. हरियाणात एचएचबी-६७ नावाचा संकरित वाण १९९० मध्ये आला, ६५ दिवसांच्या आसपास तयार होणारा, त्यामुळे कोरड्या भागात फार लाडका. तो गोसाव्याला बळी पडायला लागल्यावर त्याच्या दोन्ही आईबापांत प्रतिकाराची जनुकं आणून भरली. त्यातल्या नराच्या बाबतीत कोणत्या रोपात हवा तो डीएनएचा तुकडा उतरलाय ते मार्करनं तपासत गेले. २००५ मध्ये 'एचएचबी-६७ सुधारित' प्रसारित झाला. बाकी वाण होता तसाच, फक्त पॅच. अशा पद्धतीनं सुधारून भारतात शेतकऱ्यांपर्यंत पोचलेला सार्वजनिक संशोधनातला तो पहिला संकरित वाण.

पण पॅच कुठून आणायचा? प्रतिकाराची जनुकं कोणी प्रयोगशाळेत टाइप करत नाही. ती कुठल्यातरी गावठी बाजरीत आधीपासून असावी लागतात. पाटणचेरूच्या थंड खोल्यांत बाजरीचे वीस हजारांहून जास्त नमुने ठेवलेले आहेत. माली, नायजेरिया, टोगो, राजस्थान, महाराष्ट्र, कुठले कुठले. बिनकामाचे दिसणारे. कोणाचा दाणा बारीक, कोणाचं कणीस वितभर. पुढचा गोसावी आला की त्यांच्यातच कुठेतरी ग्रेप करून शोधावं लागणार.

हे सगळं वाचून झाल्यावर परवा रात्री आप्पांना फोन केला. या वर्षी पेरलेली बाजरी कोणती, विचारलं. म्हणाले, दुकानदारानं दिली ती, पिशवी केव्हाच फेकली. मग विचारलं, त्या एकाहत्तरच्या गोसाव्याच्या आधी, हायब्रीड यायच्या आधी, आजोबा जी पेरायचे तिचं नाव काय होतं? फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली.

"नाव कसलं?" आप्पा म्हणाले. "बाजरीच म्हणायचो. कणगीत असायची, तीच पेरायची."

"मग ती संपली कधी?"

"संपली असं नाही रे. एका साली हायब्रीड पेरलं, आणि घरची होती ती खाऊन टाकली."